शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी कार्यक्रम: सुरुवात कुठून करावी?

सुमारे सातशे विद्यार्थ्यांच्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं आहे: आठवी ते दहावीच्या मुलांमध्ये चिंता, चिडचिड आणि गैरहजेरी वाढलेली दिसते. संस्थेने येत्या वर्षात मानसिक आरोग्याचा कार्यक्रम सुरू करायला सांगितलं आहे. समोर तीन प्रस्ताव आहेत. एक, सर्व शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा. दोन, सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन जोखमीतली मुलं शोधणं. तीन, प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास माइंडफुलनेस, म्हणजे श्वासावर आणि आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव. शाळेत समुपदेशक एकच, तेही अर्धवेळ. यातलं काय निवडावं आणि फरक किती दिवसांत दिसेल?

मी आधी शाळेत समुपदेशक होते आणि आता शाळांना असे कार्यक्रम उभे करायला मदत करते. माझं स्पष्ट मत आहे की या तिन्हींपैकी कशानेही सुरुवात करू नका. आधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला आज दुपारी कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर ती कोणाकडे जाईल? कुणाच्या नजरेत न येता तिथे कशी पोचेल? तिथे तिच्याशी काय बोललं जाईल? आणि उद्या तिची चौकशी कोण करेल? या चार प्रश्नांची उत्तरं शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असली पाहिजेत. ती नसतील तर भावनांवरचा तास कितीही छान झाला तरी मुलं तो ऐकून घेतात आणि आपलं दुखणं तसंच घेऊन घरी जातात.

आकड्यांपासून सुरुवात करू, म्हणजे कामाचा आवाका कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटात दर सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याची समस्या असते. सातशेच्या शाळेत ही मुलं साधारण शंभर झाली. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते, तोही पूर्णवेळ. तुमच्याकडे सातशेंमागे अर्धा आहे. म्हणजे सगळ्या मुलांना समुपदेशकांकडे पाठवू हा मार्ग पहिल्याच महिन्यात बंद पडणार. या शंभरांपैकी बहुतेकांना लवकर मिळालेली, साधी, थोड्या भेटींची मदत पुरते. काहींना डॉक्टरांची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. कोणाला काय लागेल हे ठरवणारी व्यवस्था हाच खरा कार्यक्रम आहे, आणि तिला पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते.

आता तुमचे तीन प्रस्ताव. यातल्या पहिल्या दोघांची एकाच अभ्यासात परीक्षा झालेली आहे. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० विद्यार्थ्यांवर सेले नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. शाळांचे चार गट होते. एका गटात शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्यात प्रश्नावलीतून मुलं शोधून तज्ज्ञांकडे पाठवली. तिसऱ्यात मुलांसोबतच काम केलं: चार आठवड्यांत मिळून सुमारे पाच तास, त्यातला मोठा भाग रोजच्या ताणांवर मुलांनी स्वतः छोटे प्रसंग वठवण्याचा आणि त्यावर बोलण्याचा. चौथा गट तुलनेसाठी. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि गंभीर विचार या दोन्हींत ठोस घट दिसली ती फक्त तिसऱ्या गटात. प्रयत्नांचं प्रमाण तुलनेच्या गटात १.५१ टक्के होतं, या गटात ०.७० टक्के. केवळ शिक्षकांचं प्रशिक्षण आणि केवळ प्रश्नावली, या दोन्हींमुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याचा अर्थ शिक्षकांना शिकवू नये असा मुळीच नाही. एक दिवसाच्या कार्यशाळेतून शिक्षकाला चिन्हं ओळखता येतात, पण ओळखल्यावर मुलाला कोणाकडे न्यायचं हे ठरलेलं नसेल तर ती ओळख कुचकामी ठरते. उलट शिक्षकाच्या मनावर ओझं वाढतं. प्रश्नावलीचं तर याहून नाजूक आहे. ज्या मुलाने कागदावर लिहिलं की मला जगावंसं वाटत नाही, त्याला दोन-तीन दिवसांत कोणी भेटलंच नाही, तर त्या मुलाला एक उत्तर मिळालेलं असतं: सांगून काही होत नाही. माझा नियम कडक आहे. जितक्या मुलांना एका आठवड्यात प्रत्यक्ष भेटू शकाल तितक्यांनाच प्रश्नावली द्या. आज तुमच्याकडे ते बळ नाही, म्हणून सातशे मुलांची चाचणी यंदा नको. एका तुकडीपासून पुढच्या वर्षी सुरू करता येईल.

माइंडफुलनेसबद्दल लोकांचा उत्साह मी समजू शकते. वर्ग शांत बसलेला पाहून सगळ्यांनाच बरं वाटतं. पण ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक, ११ ते १४ वयाच्या मुलांवर मिरियाड नावाचा प्रयोग झाला. शिक्षकांनी आधी स्वतः शिकून मग मुलांना शिकवलं. २०२२ साली निष्कर्ष आले: शाळेत नेहमी जे भावनिक शिक्षण चालायचं त्याच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेचं वातावरण थोडं सुधारलं. म्हणून शिक्षकांना स्वतःसाठी हे शिकायचं असेल तर जरूर शिकवा. आठवी-नववीच्या सगळ्या मुलांना सक्तीने देण्यासाठी तास खर्च करू नका.

आणखी एक अभ्यास मी प्रत्येक शाळेला आवर्जून सांगते, कारण त्यातून काळजी घ्यायला शिकता येतं. ऑस्ट्रेलियात १,०७१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. गंभीर भावनिक त्रासातल्या रुग्णांसाठी उपयोगी ठरलेल्या उपचारपद्धतीतली कौशल्यं आठ तासांत सरसकट सगळ्या वर्गाला शिकवली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उलटे होते: ज्यांना हे तास मिळाले त्यांच्यात नैराश्य आणि चिंता थोडी वाढली आणि आई-वडिलांशी नातं किंचित बिघडलं. ज्यांनी घरी मनापासून सराव केला त्यांचं बरं चाललं होतं, पण असे विद्यार्थी थोडेच होते. त्याच वर्षी लुसी फोक्स आणि जॅक अँड्रूज या संशोधकांनी एक शक्यता मांडली की, मानसिक आजारांबद्दल सतत बोलत राहिल्याने काही मुलं रोजच्या साध्या ताणालाही आजार समजू लागतात आणि त्यामुळे तो ताण वाढू शकतो. ही अजून शक्यताच आहे, तरी तिचा धडा मी घेतला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री धडधड होणं, मैत्री तुटल्यावर आठवडाभर उदास वाटणं, हे आजार नाहीत. वर्गात बोलताना हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि त्याच दमात हेही सांगावं लागतं की दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं काहीच जागेवर नसेल तर मदत मागायची वेळ झाली आहे.

मग मुलांना मदतीपर्यंत पोचवणारी ही वाट कशी उभी करायची? इथे मला बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला सेहेर प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ७४ सरकारी माध्यमिक शाळा. काही शाळांत एकच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीने. काम तेच: शाळेत मुलांच्या सहभागाची समिती, तक्रारी आणि मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, गटांसाठी कार्यशाळा आणि ज्याला हवं त्याला एकट्याने बोलण्याची सोय. २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेले निष्कर्ष असे: नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काहीच फरक नाही. शिक्षकांना दोष देण्याचं यात कारण नाही. त्यांच्याकडे शिकवणं, तपासणं, नोंदी आहेतच, आणि ज्याच्या हातात गुण आणि शिक्षा आहेत त्याच्यापाशी मन मोकळं करायला मुलं कचरतात. म्हणून तुमच्या पैशांतला पहिला खर्च एका माणसावर करा. समुपदेशक पूर्णवेळ करता आल्या तर उत्तम. ते जमत नसेल तर मुलांशी सहज बोलणारी, शिकायची तयारी असलेली एक व्यक्ती पूर्णवेळ नेमा, आणि समुपदेशकांनी दर आठवड्याला तिच्यासोबत बसून प्रत्येक मुलाबद्दल बोलावं. ही साप्ताहिक बैठक वेळापत्रकात छापलेली असू द्या, नाहीतर ती पहिली रद्द होते.

या व्यक्तीला गैरहजर शिक्षकांच्या तासावर पाठवू नका. शिस्तभंगाची सुनावणी तिच्याकडे देऊ नका. वर्गात चार लोकांसमोर ‘तू जाऊन समुपदेशकांना भेट’ असं शिक्षा म्हणून सांगितलं गेलं की वर्षभराची मेहनत एका वाक्यात जाते.

खोली कुठे आहे याला फार महत्त्व आहे. मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारची खोली नको, कारण तिथे जाणारं मूल सगळ्यांना दिसतं. ग्रंथालयाकडे किंवा क्रीडासाहित्याच्या खोलीकडे जाण्याच्या मार्गावरची खोली बरी, तिथे मूल कशासाठीही जात असू शकतं. दार लोटलेलं असावं, आवाज बाहेर जाऊ नये, पण काचेतून आत कोणी आहे इतकं दिसावं. मुलासाठीही आणि मोठ्या माणसासाठीही ते सुरक्षित असतं. भेटीची वेळ मागायचे किमान तीन मार्ग ठेवा: पेटीतली चिठ्ठी, वर्गशिक्षकांना फक्त ‘मला भेटायचंय’ एवढंच सांगणं, आणि मैत्रिणीने मैत्रिणीसाठी मागितलेली वेळ. हा तिसरा मार्ग सर्वांत जास्त कामाला येतो, कारण किशोरवयातली मुलं आपलं दुःख आधी मित्राला सांगतात आणि त्या मित्राला पुढे काय करायचं कळत नसतं. दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये दिसून आलं की प्रत्येक वर्गात जाऊन छोटी चित्रफीत दाखवून चर्चा घेतली, तर मदत मागणाऱ्या मुलांची संख्या कित्येक पटींनी वाढते. भिंतीवर फक्त भित्तिपत्रक लावून हे होत नाही. कोणीतरी वर्गात येऊन आपला चेहरा दाखवावा लागतो.

पहिल्या भेटीत काय बोलायचं हे मी जरा तपशीलात सांगते, कारण सगळ्यांत कमी प्रशिक्षण इथेच मिळतं.

सुरुवातीलाच गुप्ततेची मर्यादा सांगा. माझे शब्द साधारण असे असतात: “तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तीन वेळा मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल: तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका असेल तर, किंवा कोणी तुला इजा करत असेल तर. तेव्हाही आधी तुला सांगेन आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू.” हे आधी न सांगता नंतर पालकांना फोन गेला तर ते मूल पुन्हा कोणाही मोठ्या माणसाकडे बोलणार नाही. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, मुलाने कितीही गळ घातली तरी.

मग ऐका. पहिली दहा मिनिटं उपाय सुचवू नका. ‘अगं, एवढंच ना’, ‘आमच्या वेळी’, ‘तू तर हुशार आहेस’ ही तिन्ही वाक्यं संवाद जागीच थांबवतात. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवा आणि विचारा, बरोबर समजलं का मला? त्यानंतर एकच प्रश्न निवडायला सांगा: यातलं कोणतं सुटलं तर पुढचा आठवडा थोडा सोपा जाईल? दिल्लीतल्याच प्राइड प्रयोगात चित्रकथांच्या पुस्तिका आणि काही आठवड्यांतल्या मोजक्या, छोट्या भेटी अशी पद्धत होती: समस्या नेमकी मांडणं, पर्याय काढणं, एक करून पाहणं. भेटी घेणारी माणसं तज्ज्ञ नव्हती, प्रशिक्षित सामान्य माणसं होती. फक्त पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा भेटी मिळालेल्यांना, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींत जास्त आराम पडला. लक्षणांच्या मोजमापात मात्र सहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. मला यातून कळतं ते असं: ही पद्धत बऱ्याच मुलांना पुरेशी आहे, आणि ज्यांना आजारच आहे त्यांना ती पुरणार नाही. तीन-चार भेटींनंतरही मूल तिथेच असेल तर पुढे पाठवायचं, वाट बघत बसायचं नाही.

आत्महत्येबद्दल विचारायला लोक घाबरतात. आपण विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती मी मोठमोठ्या अनुभवी शिक्षकांकडून ऐकली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं आणि २००५ साली प्रसिद्ध झालं. ज्यांना हे प्रश्न विचारले होते त्यांचा त्रास वाढला नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत, आणि आधीच जोखमीत असलेल्या मुलांचा त्रास उलट थोडा कमी दिसला. म्हणून आडून विचारू नका. “कधी कधी एवढा त्रास झाला की माणसाला जगणं नको वाटतं. तुझ्या मनात स्वतःचा जीव घ्यायचं आलं आहे का?” असं सरळ, शांत आवाजात विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर कसं, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केला आहे का हे विचारा. साधन आणि बेत ठरलेला असेल तर त्या मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. पालकांना त्याच वेळी बोलवायचं आणि त्याच दिवशी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. पालकांना एक ठोस काम सांगा: घरातली औषधं, कीटकनाशकं आणि इजा होऊ शकेल अशी साधनं कुलूपबंद करायची किंवा घराबाहेर न्यायची. या एका गोष्टीने जीव वाचतात.

मुलाकडून ‘मी असं करणार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्या. तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि वचन मोडण्याच्या भीतीने मूल पुढच्या वेळी गप्प राहतं. त्याऐवजी मुलासोबत बसून एका कागदावर सुरक्षिततेचा आराखडा लिहा: मन बिघडायला लागल्याची माझी चिन्हं, तेव्हा मी स्वतः करू शकतो अशा गोष्टी, मी ज्यांना फोन करू शकतो अशी माणसं आणि त्यांचे नंबर, तातडीच्या मदतीचा क्रमांक. हातावर कापून घेणाऱ्या मुलांनाही हेच लागू. जखमेवर आधी प्रथमोपचार, ओरडा नाही, वर्गात चर्चा नाही, ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ असा शेरा तर नाहीच.

अशा प्रसंगानंतर मूल शाळेत परततं तो दिवस बहुतेक शाळा विसरतात. परतण्याच्या आदल्या दिवशी मूल, पालक आणि समुपदेशक यांची अर्ध्या तासाची भेट ठेवा. कोणत्या शिक्षकांना किती सांगायचं, बुडालेल्या अभ्यासाचं काय, वर्गातल्या मुलांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तास चालू असताना असह्य झालं तर कुठे जायचं, हे त्या भेटीत ठरवा. पहिले दोन आठवडे रोज दोन मिनिटं कोणीतरी त्याला भेटावं. कोणी, ते नावासकट ठरलेलं असावं.

आता शिक्षकांकडे येते. त्यांच्याकडून तीनच अपेक्षा ठेवा: बदल लक्षात येणं, एकट्याने विचारपूस करणं, आणि ठरलेल्या व्यक्तीकडे सोपवणं. उपचार करणं त्यांचं काम नाही. एक दिवसाच्या कार्यशाळेच्या जागी मी एक वेगळा व्यायाम सुचवते, दोन तासांत होतो. शिक्षकांच्या खोलीत सर्व सातशे विद्यार्थ्यांची नावं भिंतीवर लावा. प्रत्येक शिक्षकाने आणि शाळेतल्या इतर कर्मचाऱ्यांनीही, ज्या मुलाबद्दल गुणांपलीकडचं काही माहीत आहे आणि जे मूल अडचणीत आपल्याकडे येईल असं वाटतं, त्या नावापुढे खूण करावी. शेवटी काही नावांपुढे आठ-दहा खुणा असतात आणि काही नावांपुढे एकही नसते. खोलीत त्या वेळी जी शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे. खूण नसलेली मुलं बहुधा त्रास देणारी नसतात. ती मधल्या बाकांवरची, मधल्या गुणांची, कोणाच्याच तक्रारीत नसलेली मुलं असतात. ही नावं शिक्षकांनी वाटून घ्यायची, प्रत्येकी दोन-तीन, आणि वर्षभर त्यांच्याशी सहज बोलत राहायचं. मुलांना हे सांगायचं नाही. १९९७ साली अमेरिकेत बारा हजारांहून अधिक किशोरवयीनांच्या अभ्यासात दिसलं होतं की घराशी आणि शाळेशी आपलेपणा वाटणं हे भावनिक त्रास, आत्महत्येचे विचार, हिंसा, व्यसनं अशा जवळपास प्रत्येक जोखमीच्या आड येतं. तो आपलेपणा मुलापर्यंत माणसांतूनच पोचतो.

वातावरणाबद्दल मी थोडं आग्रहाने बोलणार आहे, कारण पुष्कळ शाळा मुलांना ताण सहन करायला शिकवतात आणि ताण देणारी व्यवस्था तशीच ठेवतात. मुलांना शाळेचा नकाशा द्या, नाव न लिहिता, आणि जिथे भीती वाटते तिथे लाल टिंब करायला सांगा. टिंबं कुठे पडतील याचा अंदाज तुम्हाला असेल: स्वच्छतागृहं, जिन्याखालची जागा, बसची रांग, एखादा विशिष्ट तास. मधल्या सुट्टीत तिथे मोठं माणूस उभं राहिलं तर महिन्याभरात फरक कळतो. दादागिरीच्या बाबतीत फक्त त्रास देणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला बोलावून प्रश्न मिटत नाही. बघणारी बाकीची मुलं हसतात की सोसणाऱ्याची बाजू घेतात यावर बरंच अवलंबून असतं, आणि फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला किवा कार्यक्रम याच बघ्यांसोबत काम करतो. इंग्लंडमध्ये ४० शाळांत मुलं आणि शिक्षक यांच्या संयुक्त गटाला नियम आणि प्राधान्यं ठरवायला दिली, भांडणानंतर शिक्षेआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून नातं दुरुस्त करण्याची पद्धत आणली. तीन वर्षांनी तिथे दादागिरी थोडी कमी आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य बरं दिसलं. प्रमाण लहान होतं, पण ते संपूर्ण शाळेवर पसरलेलं होतं.

मग झोप. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मुलांना झोप उशिरा येते, आणि १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोपेची गरज असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलं की या वयाच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्नियात माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा २०२२ पासून लागू आहे. तुम्हाला शाळेची वेळ बदलता येणार नसेल, तरी पहिल्या तासाला चाचणी न ठेवणं, रात्री बारापर्यंत ऑनलाइन गृहपाठ न स्वीकारणं, एकाच आठवड्यात चार विषयांच्या चाचण्या न लावणं हे तुमच्या हातात आहे. गुण मोठ्याने वाचून दाखवणं आजपासून बंद करता येतं. त्यासाठी कुठल्याही प्रस्तावाची गरज नाही.

हे सगळं जागेवर आलं की मग वर्गातले तास घ्या, वर्षाच्या दुसऱ्या भागात. पाच-सहा तास पुरेत. व्याख्यान कमी, प्रसंग जास्त: मित्राने सांगितलं की त्याला जगायचं नाही, तू काय करशील? तुझा फोटो गटात फिरतोय, पहिला फोन कोणाला? मुलांना दोन-दोन वेगळे शेवट वठवू द्या. कोणालाही स्वतःचा अनुभव वर्गात सांगायला लावू नका. तास घेणारी व्यक्ती शक्यतो बाहेरची किंवा समुपदेशक असावी, आणि तास संपल्यावर ती व्यक्ती तिथेच अर्धा तास थांबावी. त्या अर्ध्या तासात येणारी मुलं हाच त्या तासाचा बराचसा उपयोग.

पालकांसाठी सभा घ्यायचीच तर लांब भाषण नको. शाळेतली वाट त्यांना दाखवा, त्या व्यक्तीला भेटवा, घरी काय लक्षात ठेवायचं ते दहा मिनिटांत सांगा. आणि वर्गशिक्षकांना विनंती करा की प्रत्येक पालकाला वर्षातला पहिला फोन काहीतरी चांगलं सांगायला जावा. तसं झालं तर अडचणीच्या वेळी गेलेला फोन तक्रारीसारखा ऐकू येत नाही.

शाळेतल्या मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला तर काय करायचं हे आज, शांत वेळी लिहून ठेवा. सगळ्या शाळेला एकत्र जमवून घोषणा करायची नाही. एकेका वर्गात, ओळखीच्या शिक्षकाने, पद्धत आणि कारणांचा तपशील टाळून सांगायचं. जवळचे मित्र आणि आधीच त्रासात असलेली मुलं यांना त्याच दिवशी भेटायचं. अशा मृत्यूनंतर इतर मुलांमध्ये अनुकरणाचा धोका खरा असतो, म्हणून त्या मुलाला शूर किंवा पापी दोन्ही ठरवायचं नाही.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, फरक किती दिवसांत दिसेल. युरोपातल्या त्या प्रयोगात तीन महिन्यांनी फरक नव्हता, बारा महिन्यांनी होता. सेहेरमध्ये आठव्या महिन्यात दिसलेला परिणाम सतराव्या महिन्यापर्यंत आणखी वाढला. म्हणून संस्थेकडून दोन शैक्षणिक वर्षांची मान्यता घ्या, एका वर्षाची घेऊ नका. मोजायचं असेल तर थोडंच मोजा: मुलाने भेट मागितल्यापासून पहिली भेट होईपर्यंत किती दिवस गेले, किती मुलं स्वतःहून किंवा मित्रामार्फत आली, गैरहजेरी, आणि वर्षातून दोनदा नाव न घेता विचारलेला एक प्रश्न: या शाळेत तुला अडचणीत जवळचं वाटेल असं एक तरी मोठं माणूस आहे का? पहिल्या सहा महिन्यांत मदत मागणाऱ्यांचा आकडा वाढेल आणि कोणीतरी म्हणेल की कार्यक्रमामुळे प्रश्न वाढले. ते प्रश्न आधीपासून होतेच, फक्त आता तुमच्यापर्यंत पोचू लागलेले असतात. हे संस्थेला आधीच, पहिल्या बैठकीतच लेखी कळवून ठेवा.